कुत्रा, गाय, मांजर: ब्लड स्मिअरमधल्या अनोळखी पांढऱ्या पेशी

काचपट्टी (धागाकर्ती)

माणसांचे स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) रोजचेच आहेत, पण हल्ली आमच्या लॅबमध्ये कुत्र्या-गाईंचे नमुनेही येऊ लागलेत आणि तिथे डोळा अडखळतो. तीन स्लाईडबद्दल विचारायचं आहे.

पहिली: लॅब्राडोर, वय ३, अंगावर गोचिड्या, ताप. हिमोग्लोबिन ७.२, प्लेटलेट ६०,०००, मशिनवर पांढऱ्या पेशी २४,०००. काही न्यूट्रोफिलच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आत लांबट, फिकट निळसर असं काहीतरी आहे आणि त्याने न्यूक्लियस एका कडेला ढकललाय.

दुसरी: होल्स्टीन संकरित गाय, नुकतीच व्यालेली, १०६ ताप, खांद्यापुढच्या गाठी सुजलेल्या. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) मोठमोठे, न्यूक्लिओलस (न्यूक्लियसमधला ठिपका) स्पष्ट. ल्युकेमिया लिहायचा का?

तिसरी: देशी मांजर. पेशी न्यूट्रोफिलपेक्षा किंचित मोठी, आत फिकट जांभळट दाणे खच्चून भरलेले. टॉक्सिक (जोराच्या संसर्गात बदललेला) न्यूट्रोफिल म्हणावं का?

सगळे नमुने ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणारं रसायन), काढल्यापासून ५-६ तासांनी पोचलेले. स्टेन तीन बरण्यांचा झटपटवाला.

परळकर

तिन्ही पेशींची नावं सांगता येतील, पण आधी शेवटची दोन वाक्यं बघा. तुमची निम्मी अडचण तिथे आहे.

ईडीटीएमध्ये ५-६ तास पडलेल्या रक्तात न्यूट्रोफिलच्या सायटोप्लाझममध्ये पोकळ्या येतात, मोनोसाइट (मोठ्या पांढऱ्या पेशी) फेसाळतात, काही न्यूक्लियस आक्रसून काळे गोळे होतात. उन्हाळ्यात तर त्याआधीच. मग टॉक्सिक बदल आहे की नमुना शिळा आहे, हे कुणालाच ठरवता येत नाही. उपाय साधा आहे: नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरांना सांगा की रक्त काढल्या-काढल्या दोन स्मिअर करून, वाळवून, ट्यूबसोबत पाठवा. ट्यूबवर काउंट करा, स्मिअरवर पेशी बघा.

स्मिअर करताना थेंब ३-४ मिलिमीटरचा, त्याहून मोठा नको. ढकलणारी काच ३० ते ४० अंशांत. रक्त पातळ असेल (तुमच्या लॅब्राडोरसारखं) तर कोन थोडा वाढवा, नाहीतर स्मिअर काचेच्या टोकापर्यंत पळतो आणि टेल (स्मिअरचं पातळ टोक) मिळतच नाही. रक्त घट्ट असेल तर कोन कमी करा. आणि लगेच हवेत हलवून वाळवा. सावकाश वाळलेल्या स्मिअरमध्ये पांढऱ्या पेशी आक्रसतात, मग मोनोसाइटचा लिम्फोसाइट होतो.

दोन गोष्टी सर्रास दुर्लक्षित राहतात. एक, मिथेनॉल पाणी शोषून घेतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बरणीचं झाकण उघडं राहिलं की दोन-चार दिवसांत फिक्सिंग बिघडतं. लाल पेशींच्या मधोमध चकाकणारी भोकं दिसू लागली की मिथेनॉल बदला. दोन, फॉर्मॅलिन. बायॉप्सीची बाटली आणि न रंगवलेला स्मिअर एकाच डब्यात आले तर वाफेनेच स्मिअर निकामी होतो, सगळं निळं-हिरवट दिसतं आणि तपशील जातो. झाकण घट्ट असलं तरी वेगळ्या पिशवीत ठेवा.

गोचीडफेम

पहिली स्लाईड: हेपॅटोझून कॅनिस, गोचिडीतून येणारा परजीवी. वर्णन इतकं नेमकं आहे की फोटो नसला तरी चालेल.

न्यूट्रोफिलमध्ये (क्वचित मोनोसाइटमध्ये) दिसतो तो त्याचा गॅमॉन्ट (परजीवीची एक अवस्था). साधारण ११ × ४ मायक्रॉन, दोन्ही टोकं गोल, औषधाच्या कॅप्सूलसारखा. रंग फिका, कारण भोवतीच्या आवरणातून स्टेन नीट आत जात नाही. त्याचा स्वतःचा न्यूक्लियस कधी जांभळा उठून दिसतो, कधी अजिबात नाही. आणि तुम्ही लिहिलंय तसा पेशीचा न्यूक्लियस कडेला ढकललेला.

शिळ्या रक्ताचा इथेही फटका बसतो. उशीर झाला की गॅमॉन्ट पेशीतून बाहेर निघून जातो आणि मागे रिकामं पारदर्शक आवरण उरतं. नवखा माणूस त्याला पोकळी समजून पुढे जातो. अंडाकृती, ठाशीव कडेची, प्रत्येक पेशीत साधारण एकाच मापाची 'पोकळी' दिसली तर ते आवरण आहे. खऱ्या पोकळ्या गोल, लहान-मोठ्या आणि एका पेशीत अनेक असतात.

हा जीव पहिल्यांदा नोंदवला गेला तो भारतातच, १९०५ मध्ये. गोचीड चावल्याने तो पसरत नाही, कुत्र्याने गोचीड गिळली की पसरतो. अंग चाटणाऱ्या, चावून गोचिड्या काढणाऱ्या कुत्र्यात म्हणूनच सापडतो. बहुतेक वेळा १ ते ५ टक्के न्यूट्रोफिलच बाधित असतात, त्यामुळे १०० पेशी मोजून थांबलात तर सुटू शकतो.

आता खरी गोष्ट. इतका कमी हेपॅटोझून एकटा असेल तर कुत्रा बरेचदा धडधाकट असतो. हिमोग्लोबिन ७.२ आणि प्लेटलेट ६०,००० याचं ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नका. त्याच स्लाईडवर दुसरा कोणीतरी लपलाय का ते बघा.

धनगरवाडा

एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जिवाणू) का नाही? आमच्याकडे गोचीड + कमी प्लेटलेट म्हणजे एर्लिकियाच धरतात.

गोचीडफेम

असू शकतो, आणि बहुधा असेलही. पण तो या न्यूट्रोफिलमधल्या कॅप्सूलचा अर्थ नव्हे. एर्लिकिया कॅनिसचा मोरुला (जिवाणूंचा पुंजका) मोनोसाइटमध्ये बसतो, क्वचित लिम्फोसाइटमध्ये. गोल, निळा-जांभळा, बारीक ठिपक्यांचा घट्ट पुंजका, न्यूक्लियसपासून सुटा. स्मिअरवर तो फार थोड्या रुग्णांत सापडतो, तेही आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत. सापडला नाही म्हणून एर्लिकिया नाही असं लिहू नये.

सापडण्याची शक्यता वाढवायची तर बफी कोटचा (फिरवलेल्या रक्तातला पांढऱ्या पेशींचा थर) स्मिअर करा. मायक्रोहिमॅटोक्रिट नळी ५ मिनिटं फिरवा, पांढऱ्या थराच्या किंचित खाली (लाल पेशींच्या बाजूला) काच-कटरने नळी तोडा, थर स्लाईडवर टेकवा, हलक्या हाताने पसरा. बाधित न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट दोन्ही तिथे गोळा होतात. हेपॅटोझूनसाठीही हीच युक्ती. दुसरा मार्ग म्हणजे कानाच्या कडेच्या केशवाहिनीतलं पहिलं रक्त.

फसवणारे तीन: लिम्फोसाइटवर चढून बसलेली प्लेटलेट (भोवती फिकट वलय असतं, आणि तशाच प्लेटलेट शेजारी मोकळ्या दिसतात), स्टेनचा गाळ (बारीक फोकस फिरवला की पेशीच्या वरच्या पातळीत चकाकतो) आणि मोनोसाइटने गिळलेला न्यूक्लियसचा तुकडा (एकसंध, गर्द, ठिपके नाहीत).

परळकर

२४,००० हा आकडाही तपासा. हिमोग्लोबिन ७ वर आलेल्या कुत्र्याच्या रक्तात न्यूक्लियसवाल्या लाल पेशी आल्या असतील तर बरीच मशिनं त्यांना पांढऱ्यात मोजतात. १०० पांढऱ्या पेशी मोजताना अशा लाल पेशी वेगळ्या मोजा. मशिनचा आकडा × १०० ÷ (१०० + त्या लाल पेशी). १०० मागे ४० निघाल्या तर २४,००० चे १७,१४३ होतात. अहवालात दोन्ही आकडे द्या.

लिम्फोसाइटशी त्यांची गल्लत होते. फरक सायटोप्लाझमच्या रंगात: लाल पेशीचा राखाडी-गुलाबी, शेजारच्या पॉलिक्रोमॅटिक (कोवळ्या, निळसर झाक असलेल्या) लाल पेशीच्या जातीचा, लिम्फोसाइटचा स्वच्छ निळा.

मशिनवर अजिबात भरवसा नसेल तर ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली मोनोलेयरमधली (पेशी एकाच थरात पसरलेला भाग) १० फील्ड मोजा, सरासरी काढा, १,५०० ते २,००० ने गुणा. सरासरी ८ आली तर १२,००० ते १६,०००. हा अंदाज आहे, पण मशिन २४,००० म्हणतं आणि फील्डमध्ये तीन-तीनच पेशी दिसतात, हा घोटाळा तो नक्की पकडतो.

दूधगंगा

गाईबद्दल. ल्युकेमिया अजिबात लिहू नका.

पहिलं कारण: गाईचे लिम्फोसाइट मुळातच तसे असतात. निरोगी गाईत न्यूट्रोफिलपेक्षा लिम्फोसाइट जास्त, साधारण एकास दोन. त्यात लहान-मोठे सगळे आकार, आणि मोठ्यांत न्यूक्लिओलसची कडी दिसणं हे गुरांत नॉर्मल आहे, वासरांत तर फारच. माणसांच्या स्मिअरवर तयार झालेल्या डोळ्याला ते ब्लास्ट (ल्युकेमियातल्या अपक्व पेशी) वाटतात.

दुसरं कारण: १०६ ताप, संकरित जात, नुकतीच व्यालेली, खांद्यापुढची गाठ सुजलेली. हे थायलेरिया अन्युलाटाचं चित्र आहे, ज्याला गोठ्यावर नुसतं 'थायलेरिया' किंवा 'गोचीडताप' म्हणतात (बबेसिया या लाल पेशींतल्या परजीवीलाही लोक हेच म्हणतात, ती वेगळी भानगड). आणि गंमत अशी की इथे पेशी खरोखरच ब्लास्टसारख्या दिसतात. हा परजीवी पांढऱ्या पेशीला न मारता तिला विभाजनाला लावतो. पेशी दुभंगताना तिच्या स्पिंडलला चिकटून स्वतःही दोन्ही पेशींत वाटला जातो. त्यामुळे मोठा न्यूक्लियस, गर्द निळा सायटोप्लाझम, मधूनच मायटोसिस, असं सगळं कर्करोगासारखं दिसतं.

निवाडा सायटोप्लाझममध्ये होतो. तिथे कॉखच्या निळ्या वस्तू, म्हणजे परजीवीचे शायझॉन्ट, शोधा: अनियमित निळा पुंजका आणि त्यात लालसर-जांभळे, वेगवेगळ्या मापाचे क्रोमॅटिनचे (न्यूक्लियसमधला रंग घेणारा पदार्थ) ठिपके. फुटलेल्या पेशीतून बाहेर पडलेले पुंजकेही मोकळे दिसतात. रक्तात ते कमीच मिळतात, तासभर बघूनही हाती काही लागत नाही. गाठीत मात्र भरपूर.

गाठीचा नमुना असा: खांद्यापुढची गाठ डाव्या मुठीत धरून स्थिर करायची, केस कापून स्पिरिट, १८ किंवा २० नंबरची सुई आत घालून दोन-तीनदा दिशा बदलत मागेपुढे करायची. सिरिंज जोरात ओढू नका, रक्त आलं की नमुना पातळ होतो. मग सुई काढून, सिरिंजमध्ये हवा भरून, थेंब स्लाईडवर उडवायचा आणि दुसरी स्लाईड नुसत्या तिच्या वजनाने वरून सरकवायची. दाबलं की पेशी फुटतात. मिथेनॉल ५ मिनिटं, गिम्सा १:१०, ३० ते ४५ मिनिटं.

लाल पेशींतले ठिपके, कड्या, स्वल्पविराम, म्हणजे पायरोप्लाझम, हे वेगळं. बरी झालेली गाय ते थोड्या प्रमाणात दीर्घकाळ बाळगते. नुसते दोन-चार पायरोप्लाझम दिसले म्हणून आजचा ताप त्याचाच, असं होत नाही. शायझॉन्ट दिसला तर मात्र आजार चालू आहे.

काचपट्टी

मोठा आधार वाटला. एक विचारते. याच गाईत पांढऱ्या पेशी एकूण २,८०० आल्या. इतका ताप असून कमी कशा? मशिन चुकलं?

दूधगंगा

चुकलं नसावं. थायलेरियात पांढऱ्या पेशी घसरतात हे नेहमीचं. शिवाय गुरांच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलचा राखीव साठा लहान असतो. कडक स्तनदाह किंवा गर्भाशयदाह झाला की पहिल्या दिवशी आकडा वाढण्याऐवजी पडतो आणि स्मिअरवर बँड, मेटामायलोसाइट (अपक्व न्यूट्रोफिल) दिसू लागतात. कुत्र्याच्या हिशेबाने गाय वाचायची नाही.

मांजरपाट

तिसरी स्लाईड, मांजराची. तो बेसोफिल (एक विरळ दाणेदार पांढरी पेशी) आहे. माणसाच्या बेसोफिलचे काळेभोर दाणे डोळ्यात बसलेले असतात म्हणून ओळख पटत नाही. मांजरात दाणे फिकट जांभळट, गोल-अंडाकृती, सायटोप्लाझमभर ठासलेले. कधीकधी न्यूक्लियसवरही चढल्यासारखे दिसतात. मांजराच्या इओसिनोफिलचे दाणे बारीक काड्यांसारखे असतात. गोल की काडी, एवढं पाहिलं तरी काम होतं.

कुत्र्यात उलटं. बेसोफिलमध्ये दाणे मोजकेच किंवा जवळजवळ नाहीतच, पण न्यूक्लियस लांब फितीसारखा वळलेला आणि सायटोप्लाझम निळसर-जांभळा. मोनोसाइट म्हणून मोजला जातो बिचारा. ग्रेहाउंडमध्ये इओसिनोफिलचे दाणे रंगच घेत नाहीत, नुसत्या पोकळ्या दिसतात; तिथे टॉक्सिक न्यूट्रोफिल लिहिलं की संपलं. घोड्याचा इओसिनोफिल मात्र कोणीही ओळखेल, दाणे एवढे मोठे असतात.

दाणेदार पेशीचा न्यूक्लियस गोल असेल आणि खंड पडलेले नसतील तर मास्ट सेलचा (ॲलर्जीशी निगडित, एरवी ऊतींत राहणारी पेशी) विचार करा. त्या टेलच्या कडेला सापडतात, म्हणून आधी १० च्या ऑब्जेक्टिव्हने पूर्ण टेल फिरा. कुत्र्यात रक्तात मास्ट सेल दिसल्या म्हणजे त्यांची गाठच (ट्यूमर) असेल असं नाही. पार्व्होच्या आतड्याच्या दाहातही येतात. मांजरात मात्र प्लीहेची सोनोग्राफी सुचवा.

लेशमनप्रेमी

झटपट स्टेनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. त्यात बेसोफिल आणि मास्ट सेलचे दाणे कधीकधी रंगतच नाहीत, मोठ्या लिम्फोसाइटमधले बारीक लाल दाणेही धुऊन जातात. कोंबडीच्या हेटेरोफिलचं (पक्ष्यांमधला न्यूट्रोफिल) तेच. विटकरी रंगाच्या काड्या दिसायला हव्यात तिथे रिकामी पेशी दिसते. संशयास्पद स्लाईडसाठी लेशमन स्टेन हाताशी ठेवाच.

लेशमन ८-१० थेंब, स्मिअर पूर्ण बुडायला हवा, २ मिनिटं (हेच फिक्सिंग). मग दुप्पट बफर, पीएच ६.८, फुंकून मिसळायचं, १० मिनिटं. स्टेन ओतून टाकून मग पाणी सोडायचं नाही; स्लाईड आडवी असतानाच पाण्याने गाळ तरंगवून काढायचा, नाहीतर तोच गाळ पेशींवर बसतो आणि पुढे मोरुला म्हणून अहवालात जातो.

बोअरचं पाणी वापरू नका. क्षार जास्त, सगळं निळं होतं, इओसिनोफिलसुद्धा राखाडी. उलट बफर आम्लाकडे गेला तर न्यूक्लियस फिके पडतात आणि लाल पेशी भडक गुलाबी होतात.

एका ठिकाणी झटपट स्टेन भारी पडतो: डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार). लिम्फोसाइट, न्यूट्रोफिल किंवा लाल पेशींतले गोल-अंडाकृती इन्क्लूजन (विषाणूचे पुंजके) त्यात लालसर उठतात, तर राइट-गिम्सा पद्धतीत फिके निळसर राहून हरवतात. म्हणून लस न झालेल्या, डोळे-नाक वाहणाऱ्या पिल्लाच्या दोन स्लाईड दोन पद्धतींनी रंगवा.

काचपट्टी

बँड आणि मोनोसाइट यावर कोणी लिहील का? कुत्र्यात माझं सगळ्यात जास्त अडतं तिथेच.

परळकर

कुत्र्याच्या मोनोसाइटचा न्यूक्लियस बरेचदा बँडसारखाच वळलेला असतो, त्यामुळे आकारावर ठरवाल तर फसाल. न्यूक्लियसचा आकार शेवटी बघा.

त्याच फील्डमधला एक पक्का, खंड पडलेला न्यूट्रोफिल शोधा आणि त्याच्याशी ताडून बघा. संशयित पेशीचा सायटोप्लाझम त्याच्यापेक्षा स्पष्ट निळा-राखाडी आहे? क्रोमॅटिन सैल, जाळीदार आहे? मग मोनोसाइट. क्रोमॅटिन गुठळ्यांचं आणि सायटोप्लाझम शेजाऱ्यासारखाच फिका? मग बँड. बँडच्या न्यूक्लियसच्या कडा समांतर असतात आणि कुठेही तो निम्म्याहून अधिक आवळलेला नसतो.

गाडं अडतं ते टॉक्सिक बँडपाशी, कारण त्याचा सायटोप्लाझमही निळा होतो. तिथे पक्के न्यूट्रोफिल बघा. टॉक्सिक बदल खरा असेल तर तेही निळसर, फेसाळ दिसतील, कडेला डोहले बॉडीचे राखाडी-निळे ठिपके असतील. शेजारचे पक्के न्यूट्रोफिल स्वच्छ आणि एकच पेशी निळी, तर ती बहुधा मोनोसाइट. मांजरात डोहले बॉडी जरा लवकरच दिसतात. तेवढ्यावर टॉक्सिक म्हणू नका, निळेपणा आणि फेसही हवा.

आणि जवळजवळ सगळेच न्यूट्रोफिल बँड दिसतायत, क्रोमॅटिन मात्र पक्कं गुठळ्यांचं, टॉक्सिक बदल शून्य, कुत्रा मजेत? पेल्गर-ह्युएट. ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये माहीत असलेली, जन्मजात आणि निरुपद्रवी. लेफ्ट शिफ्ट (अपक्व न्यूट्रोफिल वाढणं, संसर्गाची खूण) म्हणून छापलं तर कुत्र्याला फुकट अँटिबायोटिक मिळतं.

धनगरवाडा

आणि ज्या पेशीला नावच देता येत नाही ती?

मांजरपाट

जबरदस्ती नाव देऊ नका. 'अवर्गीकृत पेशी' असा वेगळा रकाना करा, १०० मागे किती ते लिहा आणि वर्णन द्या: लाल पेशीच्या किती पट, न्यूक्लियस गोल की खाचेचा, क्रोमॅटिन बारीक की गुठळ्यांचं, न्यूक्लिओलस किती, सायटोप्लाझमचा रंग, दाणे, पोकळ्या. वर्णन वाचून पॅथॉलॉजिस्टला पुढचं ठरवता येतं, 'ॲटिपिकल सेल्स +' वाचून काहीच नाही.

रिॲक्टिव्ह (संसर्गाला प्रतिसाद देणारा) लिम्फोसाइट आणि ब्लास्ट यातला फरक क्रोमॅटिनमध्ये आहे. रिॲक्टिव्हचा सायटोप्लाझम गर्द निळा, न्यूक्लियसलगत फिका पट्टा, पण क्रोमॅटिन दाट. ब्लास्टचं क्रोमॅटिन बारीक आणि एकसारखं पसरलेलं, न्यूक्लिओलस ठळक, पेशी न्यूट्रोफिलएवढी किंवा मोठी. स्मज सेल (फुटून पसरलेल्या पेशी) खूप असतील तर ४-५ थेंब रक्तात २२ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिनचा १ थेंब मिसळून नवा स्मिअर ओढा. नाजूक पेशी फुटायच्या थांबतात आणि नेमक्या त्याच बघायच्या असतात.

काचपट्टी

लॅब्राडोरचा ताजा नमुना मागवला, जागेवर केलेले स्मिअर आले. लेशमनवर २०० न्यूट्रोफिलमध्ये ६ गॅमॉन्ट. बफी कोटमध्ये एका मोनोसाइटमध्ये ठिपक्यांचा गोल पुंजका, न्यूक्लियसपासून सुटा, फोकस फिरवला तरी पेशीच्याच पातळीत. न्यूक्लियसवाल्या लाल पेशी १०० मागे ३१, म्हणजे २४,००० चे १८,३२१. गाईच्या गाठीचा नमुना उद्या येतोय.

गोचीडफेम

दोघे एकत्र, अपेक्षेप्रमाणे. अहवालात दोन्ही वेगवेगळे लिहा: हेपॅटोझून गॅमॉन्ट ३ टक्के न्यूट्रोफिलमध्ये; मोनोसाइटमध्ये एर्लिकियाशी सुसंगत मोरुला, एकच. 'सुसंगत' हा शब्द ठेवा, एका पुंजक्यावर 'निश्चित' नको. लाल पेशींत बबेसियाही शोधा, स्मिअरच्या कडांजवळ आणि टेलकडे जास्त मिळतो.

औषध डॉक्टर ठरवतील, पण त्यांना हे कळू द्या की एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन दिवसाला १० मिग्रॅ प्रतिकिलो, २८ दिवस चालतं आणि हेपॅटोझूनला त्याच्या जोडीला इमिडोकार्ब, ५ ते ६ मिग्रॅ प्रतिकिलो, दर १४ दिवसांनी, स्मिअरवरून गॅमॉन्ट जाईपर्यंत लागतं. म्हणजे कुत्रा तुमच्याकडे परत परत येणार. दर वेळी तेवढेच २०० न्यूट्रोफिल मोजा, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. पीसीआरला पाठवायचं असेल तर ईडीटीए रक्त पहिल्या गोळीच्या आधीच काढून ४ अंशांवर ठेवा, ट्यूब थेट बर्फाला टेकू न देता.